येशूचा झगा कापणारी

लेओकादी मार्शेचा दिवस सव्वापाचला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं, आई होती. समोरचा पाववाला दुकानाच्या फळ्या काढायला लागला की म्हातारी आई ओलाली आपली काठी पलंगाच्या लोखंडी दांडीवर तीनदा आपटायची. तिला एकवीस वर्षं दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण निघाली ती फळी पहिली की दुसरी, हे ती आवाजावरून सांगायची.

"ऊठ गं. दुसरी फळी निघाली."

"ऐकलं, आई."

"ऐकलंस तर ऊठ. आंधळी मी आहे, लंगडी तू नाहीस."

शेगडी पेटवायची. अंगणातल्या पंपावरून दोन बादल्या पाणी, बत्तीस पायऱ्या चढून. रात्रीची बादली खाली नेऊन रिकामी करायची, पुन्हा बत्तीस. चिकोरीची कॉफी, तीत कालचा पाव. आईला खुर्चीत बसवून तिच्या उजव्या हाताला जुन्या लोकरी कपड्यांचं गाठोडं ठेवायचं. मग रुमालात पाव, कांदा आणि खारवलेला मासा बांधून पॅरिसशेजारच्या मोंत्रईहून व्हँसेनपर्यंत पायी, पंचवीस मिनिटं. सातच्या ठोक्याला फाटक बंद. ठोका पडल्यावर पहारेकरी सख्ख्या बहिणीलाही आत घेत नसे. बाई दुपारपर्यंत बाहेर, अर्धा दिवस बुडाला. आठ वर्षांत लेओकादी दोनदा बाहेर राहिली. एकदा बर्फामुळे, एकदा बापाला पुरायचं होतं म्हणून.

कारखाना सिनेमाचा होता. नटनट्या, रंगवलेले पडदे, लाकडी देवळं हे सगळं अंगणापलीकडच्या काचेच्या शेडमध्ये. तिकडे ती कधी गेली नाही. एकदा फाटकाशी तिला उंट दिसला होता, तेवढंच. तिचं काम दुसऱ्या मजल्यावर, जिथे सिनेमाला रंग चढायचा.

एका लांब खोलीत साठ बायका, चार रांगांत. प्रत्येकीपुढे दुधी काच, काचेखाली दिवा, वर भिंग. काचेवरून सिनेमाची पट्टी एकेक चित्र पुढे सरकवायची. चित्र टपाल-तिकिटापेक्षा लहान. त्यात एका रंगाची जेवढी जागा असेल तेवढी बारीक सुरीने कापून काढायची. लेओकादीकडे लाल होता. म्हणजे येशूचा झगा. तिने कापलेली पट्टी मग खाली जायची. तिथे ती कोऱ्या प्रतीवर ठेवून वरून मखमलीचा बोळा फिरवायचे, आणि जिथे भोक तिथेच लाल रंग उतरायचा. निळ्यासाठी दुसरी पट्टी, दुसरी बाई. हिरव्यासाठी तिसरी. एका मीटरमध्ये बावन्न चित्रं असतात. चांगला हात दिवसाकाठी अडीच मीटर कापी. लेओकादी तीन कापायची. येशू जवळून दिसला तर झगा नखाएवढा, दूर डोंगरावर असला तर मसुराच्या दाण्याएवढा. मसूर कापायला जास्त वेळ लागतो.

पैसे मीटरवर. चुकलेल्या मीटरचे नाहीत.

खिडक्यांच्या काचांना आतून निळा रंग फासलेला होता, बाहेरचा उजेड दिव्याच्या उजेडात मिसळू नये म्हणून. दाराला कुलूप. पट्टी गवताच्या गंजीसारखी पेटते आणि पुरुष आत येऊ नयेत, अशी दोन कारणं सांगितली जात. किल्ली मुकादमीण मादाम ब्रिदूच्या कमरेला.

"मादाम, आग आत लागली तर?" मेलिनाने एकदा विचारलं होतं. मेलिना लेओकादीच्या डावीकडे बसायची. तिच्याकडे निळा, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची ओढणी.

"तर किल्ली माझ्याकडे आहे," मादाम म्हणाली आणि पुढच्या रांगेत गेली.

मेलिना पुटपुटली, "म्हणजे आधी ही निघणार. मग आपली राख."

सगळ्या जगातून या येशूच्या सिनेमाला मागणी होती. उपासाचे चाळीस दिवस जवळ आले की जत्रांचे तंबूवाले, गावोगावचे पाद्री, बोटीने पलीकडच्या देशांतले लोक, सगळ्यांना तोच हवा. दोनशे प्रती रंगवल्या की कापलेली पट्टी कडांना फाटायची. मग नवी कापायची. आठ वर्षांत लेओकादीने तोच झगा चार वेळा कापला. क्रूस खांद्यावर घेऊन येशू टेकडी चढतो तो प्रसंग तर तिचा हात झोपेतही कापत असेल. बारा पावलं चालतो, मग पडतो. बारा पावलं, चार वेळा. पडद्यावर पूर्ण सिनेमा तिने एकदाही पाहिला नव्हता. रविवारी तंबूत जाऊन पुन्हा तेच कोण बघणार, असं ती म्हणायची.

डोळ्यांचं सुरू झालं ते मागच्या हिवाळ्यात. आधी फक्त संध्याकाळी. रेघेची कड हलायची, उकळत्या सुपाच्या वाफेतून बघावं तशी. मग दुपारपासून. मग सोमवारी सकाळीही.

दर तीन महिन्यांनी कारखान्याचा डॉक्टर अक्षरांचा तक्ता घेऊन यायचा. तक्ता सगळ्या खोलीला पाठ होता. पहिली बाई आत जायची, बाहेर येताना पुटपुटायची, "खालून दुसरी ओळ, उलटी." पुढचीला तेवढं पुरे. ज्या दहाबारा जणींना लिहितावाचता येत नव्हतं त्याही तक्ता घडाघडा म्हणायच्या. डॉक्टर खूश होऊन जाई. सिदोनी नावाची एक बाई मात्र खरं बोलली. म्हणाली, डॉक्टरसाहेब, मला वरची तीनच दिसतात. त्याच दुपारी मादामने कमरेची किल्ली काढून तिच्यासाठी दार उघडलं. पुढे सिदोनी बाजारात बटाटे सोलताना दिसायची. नंतर दिसेनाशी झाली.

लेओकादीला बटाट्यांची भीती नव्हती. तिला आपल्या घरातल्या खुर्चीची भीती होती. तिची आई तरुणपणी काळ्या कापडावर काळे मणी शिवायची, श्रीमंत बायकांच्या सुतकाच्या पोशाखांवर. सेहेचाळिसाव्या वर्षी तिला दिसेनासं झालं आणि ती त्या खुर्चीत बसली. घरात खुर्ची एकच होती. दुसरी ठेवायला जागाही नव्हती आणि दोघींना पोसायला तिसरं माणूस नव्हतं.

आई खुर्चीत बसून लोकरी कपड्यांच्या चिंध्या फाडायची, बोटभर लांब, दोन बोटं रुंद. मोंत्रईत याला गिऱ्हाईक आहे. इथले लोक पीचची झाडं भिंतीला चिकटवून वाढवतात. शेताला शेत लागून चुन्याच्या उंच भिंती, आणि भिंतीवर पंख्यासारखी पसरलेली झाडं. कोवळ्या फांदीभोवती चिंधी गुंडाळायची आणि चिंधीला खिळा मारायचा, फांदीला नाही. दिवसभर भिंत ऊन पिते आणि संध्याकाळी फळांना देते. त्याशिवाय या हवेत पीच कुठला पिकायला.

चिंध्या न्यायला आन्सेल्मबाबा यायचा. सत्तरीचा, गुडघ्यांतून वाकलेला, चार भिंतींचा मालक. सफरचंदांवर कागदाची नक्षी चिकटवून उन्हात ठेवायची, म्हणजे फळावर फिकट चित्र उमटतं. इथले बागवाले तसली फळं पॅरिसच्या बड्या लोकांना विकतात. आन्सेल्मबाबाने एकदा लेओकादीला विचारलं होतं, मुकुटाची नक्षी कापून देशील का?

"रविवारी मी सुरी हातात धरत नाही, बाबा. पाव पण आई कापते."

"आंधळी कापते आणि डोळस खाते?"

"सरळ कापते मी," आई म्हणाली. "तुझ्या भिंतीपेक्षा सरळ."

याच आन्सेल्मबाबाने त्या उन्हाळ्यात सांगितलं की एक भिंत तो नऊ वर्षांच्या कराराने देणार आहे, दक्षिणेकडे तोंड असलेली. आता शिडी चढवत नाही. पहिल्या वर्षाचं भाडं आणि झाडांची किंमत एकदम, सेंट मार्टिनच्या दिवशी, जसं या भागात सगळे करार होतात. अकरा नोव्हेंबर, दुपारी बारापर्यंत.

"बारानंतर बान्योले गावचा एक पिंपवाला येणार आहे," तो म्हणाला. "त्याला भिंत झाडांसाठी नकोय. पिंपं रचायला हवी आहे. झाडं तोडणार. मला तू परवडशील. पण मी म्हातारा आहे, संत नाही. बारा म्हणजे बारा."

लेओकादीने गादीखालचा डबा मोजला नाही. त्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं. सेंट मार्टिनपर्यंत एकही आठवडा न चुकता मजुरी मिळाली तर जेमतेम पुरेल. एक आठवडा गेला तर पिंपं.

तो बाबा गेल्यावर आई चिंध्या फाडत म्हणाली, "त्याला डोळ्यांचं सांगितलंस?"

"कुणाच्या डोळ्यांचं?"

"तू जिना चढताना पायऱ्या मोजतेस. दोन महिने झाले. मी पण तिथूनच सुरुवात केली होती."

लेओकादी सुपात मीठ घालायला उठली. आई म्हणाली, "घातलंयस मघाशी."

उन्हाळ्यात कारखान्याने येशूचा सिनेमा नव्याने काढला. जुन्यापेक्षा दुप्पट लांब, गर्दी तिप्पट, नवा नट. ऑक्टोबरमध्ये त्याच्या पट्ट्या वर आल्या. झगा अर्थातच लेओकादीकडे. मादामने पट्टी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "तुझाच आहे. ओळख करून द्यायला नको."

क्रूस वाहण्याचा प्रसंग तिने चार दिवसांत कापला. हात भराभर चालला, म्हणून तिला बरंही वाटलं. भिंगाखाली तिला आताशा माणसं दिसत नव्हती, फिके डाग दिसत. पण क्रूसाची काळी आडवी रेघ दिसे, आणि तिच्याखालचा उभा डाग म्हणजे येशू. बारा पावलं. ती मनात मोजत गेली.

प्रत्येक प्रसंगाची एक चाचणी प्रत रंगवून मजल्यावरच्या लहान खोलीत पडद्यावर बघायची रीत होती. ज्या ज्या बायकांचे रंग असतील त्या मागे उभ्या राहायच्या. यंत्र फिरवणारा फिर्मँ भिंतीच्या भोकापलीकडे, कारण तो पुरुष. त्या गुरुवारी आठजणी होत्या आणि मादाम ब्रिदू.

दिवा विझला. रस्ता, शिपाई, गर्दी. हिरव्या पगड्या, पिवळी चिलखतं. मग लाल झग्यातला येशू, पाठीवर क्रूस. पुढून तिसऱ्या ओळीत मेलिनाची निळी मरिया. पडद्यावर चित्र बैलगाडीएवढं होतं, त्यामुळे लेओकादीलाही दिसत होतं. एक, दोन, तीन, चार, पाच पावलं. आणि नवा नट पाचव्याच पावलाला पडला.

लाल रंग पडला नाही.

तो क्षणभर हवेत थरथरला. गर्दीतून शिपायांनी एका माणसाला ओढून आणलं. शिमोन, शेतावरून घरी निघालेला, सिनेमाशी म्हणा, शास्त्राशी म्हणा, त्याचा इतकाच संबंध. त्याने वाकून क्रूस उचलला, आणि लाल रंग जाऊन त्याच्या अंगावर बसला. येशू करड्या कपड्यांत धुळीत पडलेला, आणि एक दाढीवाला शेतकरी येशूचा झगा घालून क्रूस वाहत टेकडी चढतोय. पुढची सात पावलं तशीच. बारा पूर्ण.

भोकापलीकडून फिर्मँ म्हणाला, "अरे! नोकऱ्या बदलल्या का दोघांनी?"

एक बाई फिस्सकन हसली. मेलिनाने छातीवर क्रूसाची खूण केली.

"पुन्हा लाव," मादाम म्हणाली.

तीनदा लावलं. तिन्ही वेळा झगा शिमोनाकडे गेला.

"मार्शे, थांब. बाकीच्या जागेवर."

खोलीत दोघीच राहिल्या. मादाम ब्रिदू स्वतः बारा वर्षं काचेवर बसलेली बाई. ती ओरडली नाही. तिने पोलक्याच्या कॉलरमधली सुई काढली, खिशातून दोरा काढला.

"ओव."

लेओकादीने दोरा जिभेवर ओला केला, चिमटीत चपटा केला, सुईचं नाक अंगठ्याच्या नखावर टेकवलं आणि दोरा सरकवला. एकदाच. आईने ती सात वर्षांची असताना शिकवलं होतं.

"छान," मादाम म्हणाली. "आता सांग, ओवताना माझ्याकडे का बघत होतीस?"

लेओकादीने सुई परत पुढे केली.

"कधीपासून?"

"जानेवारी."

"नऊ महिने मला फसवलंस."

"पट्टी चुकली नव्हती, मादाम. नऊ महिन्यांत एकही नाही."

"आज चुकली. खाली ऑफिसात सांगितलं तर तू संध्याकाळच्या आत फाटकाबाहेर. आणि सांगायला हवं." मादामने सुई परत कॉलरला टोचली. "पण मग झगा कोण कापणार? नवी बाई शिकेपर्यंत नाताळ उजाडेल. सगळ्या पट्ट्या नोव्हेंबरच्या दहा तारखेला रंगाकडे गेल्या नाहीत तर मला विचारतील, तुला नाही. मी पण याच कुलपाच्या आतच आहे, मार्शे. किल्ली कमरेला असली म्हणून काय."

"पुन्हा कापते."

"फुकट कापशील. अकरा मीटर. आणि रोजचं काम वेगळं, ते कमी झालेलं चालणार नाही. याच डोळ्यांनी कापणार? याच दिव्यावर?"

लेओकादीने विचार केला. भीक मागायची सवय नव्हती, पण मजूर हत्यार मागतो, त्यात लाज नसते.

"खिडकीची एक काच द्या मला."

"काय?"

"रंग खरवडते. हाताएवढा. उन्हात मला दिसतं. सकाळचं ऊन असेल तेवढा वेळ झगा, बाकी वेळ दिव्यावर बाकीचं."

मादामने आपला तळवा वर करून पाहिला. "हाताएवढा," ती म्हणाली. "त्याहून एक बोट जास्त नाही. आणि सेंट मार्टिननंतर तू मला इथे दिसायची नाहीस. नव्या वर्षी यंत्रं येणार आहेत, विजेवर चालणारी. समोर मोठं चित्र, बाई नुसती रेघेवरून दांडी फिरवणार आणि सुई आपोआप कापणार. वीस पोरी पुरतील. तू त्यांत नसतीसच."

दुसऱ्या दिवशी लेओकादीने जागा बदलली. सुरीच्या पाठीने आठ वर्षांचा निळा रंग खरवडला, तळव्याएवढा. चाळीस मिनिटं लागली. बाहेर अंगण होतं. शेडच्या भिंतीला तो लाकडी क्रूस आडवा पडला होता आणि दोन सुतार त्यावर बसून पाव खात होते.

"काय दिसतंय गं?" मागून दबक्या आवाजात मेलिना.

"क्रूस. त्यावर दोघं जेवतायत."

"बसायला तरी उपयोगी पडला."

ऊन त्या भोकातून साडेआठला यायचं आणि अकराला जायचं. ऑक्टोबरचं ऊन, निम्मे दिवस ढग. अकरा मीटर म्हणजे पाचशे बहात्तर चित्रं. लेओकादी पट्टी भोकाशी धरायची, डावा डोळा मिटून, नाक काचेला लागेपर्यंत. दिसलं की झग्याच्या कडेने टाचणीने टोचायचं, येशू जिथे वळतो, वाकतो, गुडघा टेकतो. मग खाली बसून टोचलेल्या खुणा बोटाने चाचपत कापायचं. दर चित्राला उठबस. पाचशे बहात्तर वेळा उठबस म्हणजे काय, ते गुडघ्यांना विचारा. मेलिनाची मरिया त्याच चित्रांत उभी होती, त्यामुळे तिला क्रम ठाऊक होता. ती आपलं निळं कापता कापता ओठ न हलवता सांगायची.

"पाचवं पाऊल. आता गुडघा. चौदा चित्रं नुसता पडलेला. मग शिमोन येतो. त्याला हात लावू नकोस."

"नाही लावत."

"मागच्या वेळीही असंच म्हणाली असतीस."

ढगाळ दिवशी काम होत नसे. मग दुसऱ्या दिवशी ऊन असेपर्यंत नुसतं टोचून घ्यायचं आणि कापायला दुपारची सुट्टी. कांदा-पाव एका हाताने. चार दिवस ओळीने ढग राहिले तेव्हा तिला रात्री झोप लागली नाही. खोली तीच, बत्तीस पायऱ्या त्याच, कुलूप तेच, आणि आता ऊनही त्यांच्यात जाऊन मिळालं होतं. पाचव्या सकाळी आई म्हणाली, "आज गालाला गार हवा लागतेय. आभाळ मोकळं आहे. पळ."

"तुला कसं कळलं मला ऊन हवंय?"

"रोज खिडकीशी जाऊन उसासा टाकतेस. माझ्यासाठी टाकत नसशील."

मग लेओकादीने तिला सगळं सांगितलं. झगा शिमोनाच्या अंगावर कसा गेला तेही. आई हसेल असं तिला वाटलं होतं. आई चिंधी फाडायची थांबली.

"ओझं कुणी उचललं होतं?"

"शिमोनानं."

"मग तुझं कुठे चुकलं? फुकट कापून घेतायत नुसते."

नऊ नोव्हेंबरला अकरा मीटर पूर्ण झाले. दहाला सकाळी पट्टी रंगवून लहान खोलीत लावली. पाच पावलं. येशू पडला. लाल रंग त्याच्याबरोबर पडला, धुळीला टेकला, आणि चौदा चित्रं तिथेच राहिला. शिमोन करडाच आला आणि करडाच गेला. फिर्मँने भोकापलीकडे पट्टी परत गुंडाळली. मादाम म्हणाली, "रंगाला पाठवा." संध्याकाळी तिने कमरेची किल्ली काढून स्वतः दार उघडलं, लेओकादीच्या हातात मजुरीचं पाकीट दिलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "ती काच मी उद्या परत रंगवून घेते."

मेलिना फाटकापर्यंत बरोबर आली. "आता मरियेनं कुणाकडे बघायचं?"

"समोर. तुझ्या पट्टीकडे बघ, रेघ सोडू नकोस."

अकरा तारखेला साडेदहा वाजता लेओकादी आईला हाताला धरून आन्सेल्मबाबाच्या वाडीत पोचली. पिंपवाला आधीच आला होता. फाटकाला टेकून पाइप ओढत होता. आन्सेल्मबाबाने पैसे घेतले, टोपीत ठेवले, पण कागद काढला नाही.

"आधी एक फांदी बांधून दाखव. पैसे कुणीही देतं."

त्याने भिंतीवरची एक फांदी सोडवली आणि तिच्या पोटाला टोपली अडकवली, एका कप्प्यात खिळे, दुसऱ्यात आईने फाडलेल्या चिंध्या. लेओकादीला भिंत दिसत होती, पांढरी, मोठी. फांदी दिसत नव्हती. तिने हात फिरवला, फांदी सापडली, तिच्यावरचे अंकुरांचे डोळे बोटाने मोजले, चिंधी गुंडाळली, डाव्या अंगठ्याने खिळ्याची जागा दाबून धरली आणि दोन घाव घातले. मग दुसरी चिंधी. तिसरी.

आन्सेल्मबाबा तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"तू बघत नाहीयेस, पोरी."

हातोडी तिच्या हातात तशीच राहिली. फाटकाशी पिंपवाल्याने पाइप तोंडातून काढला.

"नाही, बाबा. फारसं दिसत नाही."

आई म्हणाली, "सांग त्याला सगळं. नाहीतर मी सांगते."

म्हाताऱ्याने तिन्ही चिंध्यांवरून अंगठा फिरवला. फांदी हलवून पाहिली. ती वाऱ्यापुरती हलली, निसटली नाही.

"माझी सूनही बांधते," तो म्हणाला. "तिला चांगलं दिसतं. खिळा फांदीत मारते." त्याने खिशातून कागद काढला आणि पिंपवाल्याला म्हणाला, "तुम्ही कशाला थांबलाय? बारा वाजायचे आहेत म्हणून?"

पिंपवाला गेला. लेओकादीने आईला भिंतीपाशी नेलं. म्हातारीने दोन्ही तळवे चुन्यावर टेकवले. नोव्हेंबरचं ऊन, तरी भिंत कोमट होती.

"रंग कोणता गं?"

"पांढरा, आई."

"बरं झालं. यात कापायचं काही नाही."

आठ वर्षांच्या मजुरीत एवढं आलं: दक्षिणेकडे तोंड असलेली तेरा मीटर भिंत, नऊ वर्षांसाठी, तिच्यावर पीचची सहा झाडं, त्यांतलं एक म्हातारं, आणि एक शिडी. शिडी आपण फुकट दिली असं आन्सेल्मबाबा सगळ्यांना सांगतो. ती फुकट नव्हती.